बाळंतपणानंतरचे शरीर—तुम्ही ते आपले मानाल का?

१ बाळ पाच महिन्यांचे झाले आहे. नात्यातल्या लग्नाला निघताना तुम्ही आवडती साडी काढता, पण तिच्यावरच्या ब्लाऊजचे हूक लागत नाहीत. लग्नात कोणीतरी सहज म्हणते, “अगं, किती सुटलीस!” तुम्ही हसून वेळ मारून नेता. मात्र त्या रात्री आरशासमोर उभे राहण्याचे तुम्ही टाळता.

२ असा अनुभव तुम्हाला आला असेल, तर तुम्ही एकट्या नाही. पुष्कळ मातांच्या मनात ओढाताण चालू असते. एकीकडे पूर्ववत होण्याची घाई, तर दुसरीकडे “आता काही उपयोग नाही” ही निराशा. यापेक्षा समंजस मार्ग आहे का? होय, आहे. तथापि, त्याकरता शरीरात काय घडले आहे हे प्रथम समजून घेणे अगत्याचे आहे.

शरीराने केलेले कार्य

३ गरोदरपणात स्त्रीच्या रक्ताचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने वाढते. प्रसूतीनंतर लगेच गर्भाशयाचे वजन सुमारे १ किलो असते. ते आकसत जाऊन साधारण ६ आठवड्यांत १०० ग्रॅमहून कमी होते. बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती देण्याची आपल्याकडील रीत या काळाशी बरीच जुळते.

४ परंतु तेवढ्या काळात सर्वच पूर्ववत होत नाही. पोटाच्या मधोमध असलेले दोन उभे स्नायू वाढत्या गर्भाला जागा देण्यासाठी एकमेकांपासून दूर सरकतात. मूत्राशय व गर्भाशय यांना खालून आधार देणारे, ओटीपोटाच्या तळाचे स्नायूही ताणले जातात. तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या सुमारास केस अधिक गळू लागतात; ते बहुधा वर्षभरात पुन्हा येतात. यास्तव, पोट सैल दिसते याचा अर्थ तुम्ही आळशी आहात असा होत नाही. नऊ महिने ताणलेल्या शरीराला सावरण्यास तितकाच, किंबहुना अधिक वेळ लागू शकतो.

व्यायाम—कोठून सुरवात करावी?

५ पुष्कळ जणी पोट कमी करण्यासाठी प्रथम उठाबशा काढू लागतात किंवा उताणे पडून धड उचलण्याचा व्यायाम करतात. अशी घाई हितकारक नाही. दूर सरकलेले स्नायू अजून जवळ आले नसतील, तर धड उचलताना पोटाचा मधला भाग फुगून वर येतो. तुम्ही स्वतः हे तपासू शकता. गुडघे वाकवून उताणे पडा, डोके किंचित उचला व बेंबीच्या वर-खाली बोटांनी चाचपून पाहा. दोन बोटांहून अधिक फट लागली, तर डॉक्टरांचा किंवा फिजिओथेरपिस्टचा सल्ला घ्या.

६ खरी सुरवात दिसत नाही तेथून होते. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगल यांनी १९४८ मध्ये ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंसाठी एका सोप्या व्यायामाविषयी लिहिले. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळले जातात ते आवळा, पाच सेकंद धरा, मग पूर्णपणे सैल सोडा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा करा. श्वास मात्र रोखू नका. बाळाला पाजताना किंवा भात शिजेपर्यंत ओट्यापाशी उभ्या असतानाही हा व्यायाम करता येतो. फरक जाणवण्यास काही महिने लागतात. म्हणून चिकाटी हवी.

७ त्याच्या जोडीला चालणे उत्तम. प्रथम अंगणात किंवा गच्चीवर दहा मिनिटे चाला व हळूहळू वेळ वाढवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये बाळंतपणानंतर, आरोग्यविषयक अडचण नसल्यास, आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवली आहे. पण तेथवर टप्प्याटप्प्याने पोहोचायचे आहे. सिझेरियन झाले असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरवात करा आणि पहिले काही आठवडे पाण्याची बादली, गॅसचे सिलिंडर अशी ओझी उचलू नका. धावणे व उड्या मारणे निदान तीन महिने दूर ठेवलेले बरे.

८ उपासमार करून वजन उतरवण्याचा मोह टाळा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार अंगावर पाजणाऱ्या मातेला पहिले सहा महिने दररोज सुमारे ६०० कॅलरी अधिक लागतात. अळिवाचे व डिंकाचे लाडू अवश्य खा, पण आग्रहाखातर ताट भरू देऊ नका. डाळ, पालेभाजी, दूध, अंडी किंवा मासे यांनाही जागा ठेवा.

लाजेमुळे गप्प राहू नका

९ खोकताना वा हसताना लघवीचे थेंब पडतात म्हणून काही स्त्रिया समारंभांना जाणेच सोडतात, आणि “बाईच्या जातीला हे चालायचेच” म्हणून वर्षानुवर्षे सोसतात. ही तक्रार पुष्कळांना असते, पण ती सोसलीच पाहिजे असे नाही. तिच्यावर उपाय आहेत. त्याचप्रमाणे अतिरक्तस्राव, ताप, छातीत दुखणे, धाप लागणे किंवा एका पायाची पोटरी सुजून दुखणे अशी लक्षणे दिसल्यास व्यायाम थांबवून तत्काळ डॉक्टरांकडे जा. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहिले, तर तेही मोकळेपणाने सांगा.

जे बदलणार नाही ते

१० सर्व प्रयत्नांनंतरही काही खुणा राहतात. पोटावरचे व्रण फिके होतात, पुसले जात नाहीत. कंबर थोडी रुंद राहील, चप्पलही कदाचित एका मापाने मोठी लागेल. मग व्यायाम व्यर्थ गेला का? मुळीच नाही. मुलाला पाठ न दुखता उचलता येणे, जिना न धापता चढणे, रात्री शांत झोप लागणे, ही त्याची खरी फळे होत. प्रेषित पौलाने शारीरिक कसरतीचा उपयोग मान्य केला, पण त्याची मर्यादाही दाखवली. (१ तीमथ्य ४:८) काट्यावरचा आकडा हे तुमचे मोल नव्हे.

११ यात घरच्यांचाही वाटा आहे. पतींनो, पत्नीला रोज अर्धा तास मोकळा मिळावा म्हणून तुम्ही बाळाला सांभाळाल का? माहेर-सासरपासून दूर, इंदूर किंवा बंगळूरसारख्या शहरी राहणाऱ्या जोडप्यांत तर हे अधिकच गरजेचे आहे. आणि आपण सर्व जण, भेटताच बाळंतिणीच्या अंगाविषयी बोलण्याऐवजी “झोप होते ना?” असे विचारू शकतो.

१२ त्या ब्लाऊजचे काय? चांगला शिंपी शिवणीच्या आत थोडे कापड राखून ठेवतो. आपण त्याला माया म्हणतो. ब्लाऊज घट्ट झाला म्हणून तो कोणी टाकून देत नाही; शिवण उसवून माया सोडतात. तुमच्या शरीरानेही एका जिवाला जागा करून दिली आहे. त्याच्याशी तसेच मायेने वागा.

तुम्ही कसे उत्तर द्याल?

• बाळंतपणानंतर शरीर सावरण्यास वेळ का लागतो?
• कोणत्या व्यायामाने सुरवात करावी, व कशाची घाई करू नये?
• कोणत्या तक्रारी लपवू नयेत?
• तुमच्या ओळखीच्या नव्या मातेला तुम्ही या आठवड्यात कोणते साहाय्य कराल?