कुत्राछाप रविवार

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी तबकड्या चाळत उकिडवा बसलो होतो, तेवढ्यात एक तपकिरी कुत्रं येऊन मला खेटून बसलं. "तुमचं का हो?" म्हणून विचारलं, तर विक्रेता म्हणाला, "कुणाचंच नाही काका, बाजाराचं आहे." त्या सकाळी गाठीला बांधलेले हे पाच धडे.

१. अनोळखी कुत्र्याची ओळख त्यालाच करून घेऊ द्यावी. डोळ्याला डोळा भिडवू नये आणि डोक्यावर हात ठेवायची घाई तर मुळीच करू नये. वरून येणाऱ्या हाताचा त्याला धाक वाटतो. मी हात सैल सोडला. त्याने बोटं हुंगली, पिशवी हुंगली, मग हनुवटी पुढे केली. खाजवल्यावर मान माझ्या गुडघ्यावर टाकून मोकळं!

२. तबकडीवरच्या कुत्र्यावर फार भाबडा विश्वास ठेवू नये. आमच्या घरी एचएमव्हीच्या तबकडीला 'कुत्राछाप' म्हणत आणि तो कुत्रा ग्रामोफोनच ऐकतोय याबद्दल कुणाला शंका नव्हती. चित्रकार फ्रान्सिस बॅरोच्या मूळ चित्रात मात्र वेगळंच, सिलिंडरचं यंत्र होतं. १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीने चित्र घेतलं, तेव्हा त्याच्यावर रंग चढवून कंपनीचं यंत्र काढलं गेलं. चित्रातला कुत्रा, निपर, तर १८९५ मध्येच गेला होता.

३. जुनी ७८ची तबकडी स्पिरिटने पुसू नये. ती लाखेची असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. कडेला धरावी, खाली पाडू नये. बस्स.

४. बाष्कळ गाण्याला हलकं समजू नये. विक्रेत्याने चावीच्या ग्रामोफोनवर 'शहनाई'तलं (१९४७) रविवारचं गाणं लावलं. संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे आपल्या पुणतांब्याच्या चितळकरांचं. त्या काळी नाकं मुरडणारे पुष्कळ होते; आमचे एक आजोबा शेवटपर्यंत त्याला 'धांगडधिंगा'च म्हणत. पण तबकडीच्या एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मावत. तेवढ्यात गंमत उभी करायची, टिकवायची आणि वेळेत संपवायची, हे येरागबाळ्याचं काम नोहे. पुढे 'आशा'तल्या (१९५७) 'ईना मीना डीका'चं बीज त्यांना खेळणाऱ्या मुलांच्या बडबडीत सापडलं, असं सांगतात. त्यात त्यांचे गोव्याचे सहकारी जॉन गोम्स यांनी कोकणीची फोडणी घातली. किशोरकुमारने ते गायलं आणि आशाबाईंनीही. हाच माणूस 'अनारकली'च्या चाली बांधतो आणि १९६३ मध्ये त्याचंच 'ऐ मेरे वतन के लोगो' ऐकून दिल्लीत पंतप्रधानांचे डोळे पाणावतात. मला विचाराल तर त्या हसऱ्या गाण्यांत मेहनत कमी नाही, फक्त ती दिसत नाही.

कुत्र्याने मात्र पहिल्याच कडव्याला लांबलचक जांभई दिली. सुई खरखरली तेव्हा तेवढे कान टवकारले.

५. कुत्रं गुडघ्यावर मान टाकून बसलेलं असताना घासाघीस करू नये. समोरचा आपला चेहरा वाचत असतो. मी ती गाण्याची तबकडी निम्म्या किमतीत मागितली, विक्रेत्याने नुसतं कुत्र्याकडे बघितलं आणि तबकडी वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतली. "पैसे गाण्याचेच घेतोय काका," म्हणाला, "त्याचे लावले नाहीत."