गव्हाविना घर

"गव्हाच्या चपातीने माणूस आजारी पडतो" असे मला कुणी तीन वर्षांपूर्वी सांगितले असते, तर मी हसण्यावारी नेले असते. आज ती गोष्ट मी स्वतःच वाचकांना सांगायला बसले आहे. लेखनाचा हा माझा पहिलाच प्रयत्न. शिवाय मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, वैद्यकाची नव्हे. तेव्हा या लेखात वैद्यकीय सल्ला कुणी शोधू नये. एका आजाराने आम्हाला स्वयंपाकघराचा हिशेब नव्याने मांडायला लावला. त्या हिशेबाची ही वही आहे असे समजावे.

आमचे घर पेडणे तालुक्यात, आईचे माहेर बेळगावकडचे. त्यामुळे मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा मी घरीच शिकले. लहानपणी सकाळी उकड्या तांदळांची पेज, दुपारी भात आणि हुमण, सणाला पातोळ्या, हेच आमचे खाणे. गहू घरात येई तो पोदेराच्या टोपलीतून. सायकलचा भोंगा वाजला की आम्ही भावंडे पावासाठी धावत सुटायचो. त्या वयातही माझे पोट अधूनमधून फुगे, अंगी रक्त कमी असे. पण "पोर नाजूक आहे" एवढ्यावर विषय संपे.

पुढे मी शिकायला बेळगावी वसतिगृहात आले. तेथे सकाळी रव्याचा उपमा आणि दोन्ही वेळा चपाती. चार महिन्यांत माझे वजन सात किलो घटले. जिना चढताना धाप लागू लागली. एका डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी "घरची आठवण येते का?" असे विचारले. गोळ्या संपत, रक्त मात्र वाढत नसे. अखेर एका तज्ज्ञांनी रक्ताची एक विशेष तपासणी केली, नंतर दुर्बिणीतून आतड्याचा लहानसा तुकडा काढून तपासला, आणि आजाराला नाव मिळाले : सीलिअ‍ॅक.

रोग म्हणजे नेमके काय?

गव्हाच्या पिठात ग्लायडिन आणि ग्लूटेनिन अशी दोन प्रकारची प्रथिने असतात. पिठात पाणी घालून मळले की त्यांची जाळी तयार होते, तिलाच ग्लूटेन म्हणतात. हा प्रयोग कुणालाही घरी करता येईल. कणकेचा गोळा पाण्याच्या धारेखाली चोळत राहावा. पांढरे पाणी वाहून जाते ते पिष्ट. शेवटी हातात रबरासारखा चिवट गोळा उरतो, ते ग्लूटेन. चपाती ताणली तरी फाटत नाही आणि पाव फुगतो, तो याच चिवटपणाच्या जोरावर. बार्ली म्हणजे जव आणि राय या धान्यांतही याच कुळातील प्रथिने असतात.

बहुतेकांना ती निरुपद्रवी असतात. परंतु सीलिअ‍ॅक असलेल्या माणसाच्या शरीराची संरक्षक यंत्रणा त्यांना शत्रू समजते आणि त्या लढाईत स्वतःच्याच लहान आतड्यावर वार करते. लहान आतड्याच्या अस्तरावर मखमलीच्या लवेसारखे बारीक अंकुर असतात. अन्नरस तेच शोषून घेतात. ते झडून अस्तर सपाट झाले की ताटात कितीही वाढले तरी अंगी लागत नाही. जुलाब, पोटफुगी, तोंड येणे, लहान मुलांची खुंटलेली वाढ, ठिसूळ होणारी हाडे आणि गोळ्यांना दाद न देणारा पांडुरोग ही त्याची लक्षणे. काहींच्या बाबतीत पोटाची एकही तक्रार नसते, फक्त रक्त कमी असते. आपल्याकडे पांडुरोग घरोघरी, म्हणून हा आजार त्या गर्दीत सहज लपतो. ही अ‍ॅलर्जी नव्हे आणि संसर्गजन्य तर मुळीच नव्हे.

या रोगाची हकीगत मनोरंजक आहे. ग्रीक वैद्य अरेटिअस याने प्राचीन काळीच या विकाराचे वर्णन केले होते. ग्रीक भाषेतील पोटाच्या शब्दावरून त्याचे नाव पडले. 1888 साली लंडनच्या सॅम्युअल गी यांनी त्याचे आधुनिक वर्णन प्रसिद्ध केले आणि बरा होणारा रोगी आहारानेच बरा होईल असे मत मांडले. पण आहारातील कोणता पदार्थ घातक हे कुणालाच ठाऊक नव्हते. 1924 साली अमेरिकेत सिडनी हास यांनी मुलांना केळ्यांवर ठेवले. मुले सुधारली, आणि श्रेय केळ्यांना मिळाले. वास्तविक मुलांच्या ताटातून पाव गेला होता, हेच खरे कारण. ते ओळखले हॉलंडचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये दुष्काळ पडला आणि पाव मिळेनासा झाला. सारा देश भुकेने खंगत असता ही मुले मात्र सुधारली, आणि पाव परत येताच पुन्हा आजारी पडली. 1950 साली डिके यांनी आपला प्रबंध सादर केला आणि गव्हाचा दोष सिद्ध झाला. अनेकांच्या घरी पाव नव्हता म्हणून काही लेकरे वाचली, हा इतिहासाचा केवढा विलक्षण हिशेब!

भातखाऊ मुलखात हा रोग कसा?

हा प्रश्न आमच्या घरी प्रत्येक पाहुण्याने विचारला. उत्तर भारतातील एका पाहणीत, 2011 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सुमारे 96 माणसांमागे एकास हा रोग आढळला. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीत हे प्रमाण उत्तरेत शेकडा 1.23, ईशान्येत 0.87 आणि दक्षिणेत फक्त 0.10 निघाले. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. या रोगाला अनुकूल असे आनुवंशिक गुण तिन्ही विभागांत साधारण सारख्याच प्रमाणात, म्हणजे तिघांत एकाहून कमी-अधिक, आढळले. फरक होता तो मुख्यतः ताटातील गव्हाचा. बी सगळीकडे पेरलेले आहे, पण ते सर्वत्र सारखे उगवत नाही. माझ्या बाबतीत पेजेने ते अठरा वर्षे दाबून ठेवले आणि वसतिगृहाच्या चपातीने चार महिन्यांत वर आणले, असे मी समजते.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. संशय आला म्हणून कुणी आपल्या मनाने गहू सोडू नये. गहू बंद केला की रक्तातील खुणा ओसरतात, आतडेही भरून येऊ लागते आणि मग तपासणीत काही सापडत नाही. आधी तपासणी, मग पथ्य, हाच क्रम योग्य.

जमेची बाजू

या रोगावर आज तरी औषध नाही. ग्लूटेन आयुष्यभर वर्ज्य करणे हाच उपचार. हे ऐकून आई रडली. आजी मात्र म्हणाली, "पेज खावन कोण उपाशी मेलो ना गो!" तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. तांदूळ, नाचणी, ज्वारी, बाजरी, मका, सर्व डाळी, कुळीथ, नारळ, मासे, अंडी, दूध, भाज्या, फळे यांत ग्लूटेन नाही. पेडणे आणि डिचोली हे तालुके अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज अमलाखाली गेले. गोव्याच्या जुन्या काबिजादींच्या मानाने ते उशिराच. त्यामुळे आमच्या आजीच्या चुलीवर शेजारच्या सावंतवाडीचीच चव टिकली. आंबोळी, घावन, तांदळाची भाकरी, नाचण्याचे तिझण, कुळथाची पिठी, खतखते, उकडीचे मोदक, पातोळ्या, धोदोल : यादी करू लागले तेव्हा वहीचे पान भरले. आईच्या माहेरची जोळद रोट्टी म्हणजे ज्वारीची भाकरी, अक्की रोट्टी आणि रागी मुद्दे त्यात मिळवले. उपासाचे साबुदाणा, वरी, शिंगाडा आणि राजगिरा हे तर मूळचेच गव्हाविना. आमच्या पूर्वजांनी एकादशीसाठी जे राखून ठेवले, ते माझ्या रोजच्या कामी आले.

नावेची बाजू

पण वहीला दुसरी बाजूही असतेच. गहू उघड दिसतो तेथे टाळणे सोपे, अडचण आहे ती छुप्या गव्हाची. बाजारातील बहुतेक डबीबंद हिंगात मैदा मिसळलेला असतो. मेतकुटात गहू असतो, थालीपिठाच्या भाजणीतही बहुधा असतो. सातूचे पीठ वर्ज्य, गव्हाच्या चिकाची कुरडई वर्ज्य, सोया सॉसही बहुतेक वर्ज्य. आम्हा गोवेकरांचा मोठा घात केला तो बांगड्याने. बांगडा बिचारा निर्दोष, पण तो तळतात रव्यात घोळवून! आता आमच्या घरी तो तांदळाच्या पिठात घोळतो, आणि तोंड कुणीही वाकडे करत नाही.

त्याहून मोठी अडचण पिठाच्या गिरणीची. माल ग्लूटेनमुक्त म्हणून विकायचा तर एका किलोत 20 मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन असता कामा नये, असा आपल्याकडील नियम आहे. गव्हाच्या पिठात ग्लूटेन साधारण दहावा हिस्सा धरले, तर 20 मिलिग्रॅम ग्लूटेन म्हणजे 200 मिलिग्रॅम पीठ, एक लहान चिमूट. गिरणीत आधी गहू दळून नंतर आमचे तांदूळ दळले, तर जात्याच्या फटीत अडकलेली तेवढी चिमूट सबंध किलोभर पीठ बाद करते. हा हिशेब मी वडिलांना कागदावर मांडून दाखवला, तेव्हा माडीवरचे आजीचे जाते खाली आले. तवा, पोळपाट आणि चाळण वेगळी झाली.

पाव कसा भाजावा?

सगळे सुटले, पण पावाची आठवण सुटेना. गावच्या पोदेराला विचारले. भला माणूस, तो म्हणाला, माझ्या भट्टीत हवेतसुद्धा मैदा उडतो, तुझा पाव इथे होणार नाही. मग घरीच प्रयोग सुरू केले. पहिले तीन पाव विटेसारखे झाले. कारण उघड होते. खमिराने वायू तयार होतो, पण त्याला अडवून धरणारी ग्लूटेनची जाळी नाही. ती जागा भरायची कशाने? उत्तर आमच्याच घरात होते. भाकरीचे पीठ आई कढत पाण्यात भिजवते, मोदकासाठी उकड काढते. गरम पाण्याने पिष्ट फुगून चिकट होते आणि पीठ धरून ठेवते. त्याच्या जोडीला औषधाच्या दुकानातील इसबगोल मिळाला आणि काम झाले. आमचे प्रमाण असे :

तांदळाचे पीठ 150 ग्रॅम, ज्वारीचे 50 ग्रॅम, बटाट्याचे पिष्ट 50 ग्रॅम, इसबगोल 12 ग्रॅम, कोरडे यीस्ट 5 ग्रॅम, साखर आणि तेल प्रत्येकी एक मोठा चमचा, मीठ बेताचे. तांदळाच्या पिठापैकी दोन चमचे वाटीभर पाण्यात शिजवून खळ करावी व कोमट होऊ द्यावी. इसबगोल आणखी वाटीभर कोमट पाण्यात भिजवावा, दहा मिनिटांत त्याचा लगदा होतो. मग सर्व एकत्र करून घट्ट इडलीच्या पिठाएवढे सैल करावे, लागल्यास थोडे पाणी घालावे. मळण्याची गरज नाही, मळायला ग्लूटेनच नाही! तेल लावलेल्या डब्यात ओतून पाऊण तास फुगू द्यावे, आणि चांगल्या तापलेल्या भट्टीत, सुमारे 200 अंशांवर, पाऊण तास भाजावे. पूर्ण गार होण्यापूर्वी कापू नये, नाहीतर आत गिच्च लागतो. हा पाव पोदेराच्या उंड्यासारखा होत नाही हे प्रामाणिकपणे सांगते. पण कालवणात बुडवता येतो, आणि तेवढ्यासाठीच तर पाव हवा असतो.

परिव्ययशास्त्रात आम्हाला "बनवावे की विकत घ्यावे" असा एक प्रश्न असतो. तयार ग्लूटेनमुक्त पीठ आणि बिस्किटे साध्या मालाच्या कितीतरी पट महाग पडतात. त्या डब्यांवर विसंबले तर हा श्रीमंतांचा रोग वाटेल. पण आजीच्या यादीवर विसंबले, तर भांडवली खर्च एक तवा आणि एक चाळण. उरतो तो श्रमाचा खर्च. तो बहुतेक घरांत आईच्या नावे पडतो आणि कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही. म्हणून सुट्टीत जाते मी ओढते.

शेवटी एक प्रसंग. गेल्या वर्षी डिचोलीला आत्याकडे सत्यनारायण होता. प्रसाद म्हणजे रव्याचा शिरा. मी हात जोडले, पण प्रसाद घेतला नाही. बायका कुजबुजल्या. एकीने आईला बाजूला घेऊन सांगितले, "पोरीचा रोग कुणाला सांगू नका हो, उद्या लग्नाचे बघायचे आहे." आई घरी येईपर्यंत काही बोलली नाही. त्या रात्री मला पहिल्यांदा या आजाराची भीती वाटली. पोटाची नव्हे, लपवून जगण्याची. कारण हे पथ्य लपवून पाळताच येत नाही. जेथे जेवायचे तेथे सांगावेच लागते.

यंदा आत्याचा फोन आला. म्हणाली, "प्रसादाला तांदूळ भाजून जात्यावर त्यांचा रवा काढलाय, सव्वा शेर. तुझ्यापुरता वेगळा नाही, सगळ्यांनाच तोच." मी चोर्ला घाटाच्या गाडीने गेले. ओंजळीत शिरा घेतला. तांदळाचा म्हणून देवाने नाकारला असेल असे मला वाटत नाही. गेल्या वर्षीच्या त्या बाईंनी दोनदा मागून घेतला आणि कृती विचारली. ती मी त्यांना सांगितली, आणि रोगाचे नावही सांगितले.

आपल्या वर्गातही एखादी "नाजूक" मुलगी असेल, गोळ्या घेऊनही रक्त न वाढणारी. या लेखाने तिला एकदा तपासून घ्यावेसे वाटले, तर लिहिल्याचे सार्थक झाले.

— एक विद्यार्थिनी, वाणिज्य शाखा