माळरानाची खरी ओळख : माती आणि भूरूपांचे नकाशे

सह्याद्रीच्या पूर्वेस, पर्जन्यछायेच्या पट्ट्यात, इंदापूर, सांगोला, माण, आटपाडी, जत अशा तालुक्यांतून प्रवास करताना दोन्ही अंगांस मैलोन् मैल माळराने दिसतात. उन्हाळ्यात ती करडी आणि उजाड भासतात. मृगाच्या सरी पडल्या की पंधरवड्यात हिरवी होतात. सरकारी दप्तरांत या जमिनीचा उल्लेख कधी 'पडीक', कधी 'पोटखराबा', कधी 'गायरान' असा येतो. नावे वेगळी असली, तरी त्यांमागील समज बहुधा एकच असतो : ही निरुपयोगी जमीन आहे, तिचे काहीतरी केले पाहिजे.

हा समज महागात पडतो. ज्या माळावर वीतभरही माती नाही, तेथे चर खणून रोपे लावली जातात. खालचा मुरूम वर येतो, होते ते गवत चरांच्या मातीखाली गाडले जाते आणि पुढच्या उन्हाळ्यात रोपेही जळतात. गावाचे श्रम व पैसा वाया जातो आणि मेंढपाळाचे कुरणही जाते. चर वा वृक्षलागवड यांत मुळात दोष नाही. दोष असतो तो जागेच्या निवडीत. ती निवड अचूक व्हावी म्हणून माती व भूरूपांचे नकाशे लागतात.

जुनी परंपरा, अपुरी नोंद

जमिनीची प्रतवारी ही महाराष्ट्रास नवी नाही. इंदापूर तालुक्यात १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी केलेल्या मोजणीतून मुंबई इलाख्याची जमाबंदीची पद्धत आकारास आली. तीत मातीचा रंग, पोत व खोली पाहून जमिनीचे नऊ वर्ग पाडले जात आणि प्रत्येकाची किंमत आण्यांत ठरविली जाई. उत्तम काळी जमीन सोळा आणे. चुनखडी, वाळू, उतार असे दोष आढळले की प्रत खाली उतरे. काळी, मध्यम, बरड, मुरमाड ही शेतकऱ्याचीच भाषा त्या पद्धतीस आधारभूत होती.

परंतु या मोजणीचा हेतू सारा ठरविण्याचा होता. ज्या जमिनीतून सारा येणार नाही, तिच्याकडे बारकाईने पाहण्याचे कारण नव्हते. त्यामुळे काळ्या रानाचा हिशेब आण्या-आण्यांनी झाला आणि माळ मात्र एका शब्दात आटोपला. गावनकाशावर आजही माळाची सीमा दिसते. त्याचे अंतरंग दिसत नाही.

भूरूप आधी, माती नंतर

विसाव्या शतकाच्या मध्यास ऑस्ट्रेलियाच्या विरळ वस्तीच्या विशाल चराऊ प्रदेशांत या प्रश्नाचे एक उत्तर सापडले. १९४६ साली ख्रिश्चन व स्टुअर्ट या शास्त्रज्ञांनी कॅथरिन-डार्विन भागाचे सर्वेक्षण केले. प्रत्येक एकराची माती तपासणे अशक्य होते. त्यांनी विमानातून घेतलेली छायाचित्रे पाहिली आणि एक गोष्ट हेरली : टेकडी, उतार, मैदान व ओढा यांची ठरावीक मांडणी पुन्हा पुन्हा येते आणि प्रत्येक भूरूपाबरोबर माती व वनस्पतीही ठरावीकच येतात. अशा पुनरावृत्त मांडणीस त्यांनी 'भूप्रणाली' मानले आणि तिच्या आतील प्रत्येक भागास 'भूघटक'. सीमारेषा छायाचित्रांवरून आखावयाच्या आणि निवडक ठिकाणी जमिनीवर जाऊन खात्री करावयाची, ही ती पद्धत.

या ख्रिश्चन यांनीच पुढे युनेस्कोचे तज्ज्ञ म्हणून भारतास सल्ला दिला. जोधपूर येथील वाळवंटी वनीकरण केंद्राचे रूपांतर १९५९ साली केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेत झाले, त्यामागे हा सल्ला होता. या संस्थेने पश्चिम राजस्थानातील वालुकाटेकड्या, वाळूची मैदाने, खडकाळ टेकड्या आणि खारवट सखल भाग यांची पाहणी करताना भूरूपे, माती, गवत, पाणी आणि पशुधन यांचा एकत्र विचार केला. १९७६ साली राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो स्थापन झाला. त्याचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. १९७२ साली पहिला लँडसॅट आणि १९८८ साली भारताचा आयआरएस-१ए उपग्रह अवकाशात गेल्यानंतर विमानातील छायाचित्रांच्या जोडीस उपग्रहचित्रे आली.

एका माळाचा छेद

दख्खनचा माळ बसाल्ट खडकावर आहे. त्याचे भूघटक समजून घेण्याचा सोपा मार्ग म्हणजे माथ्यापासून ओढ्यापर्यंत चालत जाणे.

माथ्यावर सपाट पठार. येथे पावसाने माती वाहून जाते, नवी येत नाही. पंचवीस सेंटिमीटरहून कमी खोलीची, दगडगोट्यांची तांबूस-करडी माती आणि लगेच मुरूम. उतारावर ती आणखी पातळ, मधूनमधून उघडा खडक. पायथ्याशी उतार मंदावतो आणि वरून आलेली माती थांबते. खोली अर्ध्या मीटरच्या आसपास जाते, ओल थोडी अधिक टिकते. शेवटी ओढाकाठची खोल काळी माती, उन्हाळ्यात भेगाळणारी. निचरा नसेल तेथे चुनखडीयुक्त वा चोपण. एकाच माळावर, हाकेच्या अंतरात, या चार जमिनी असतात. 'पडीक' या एका शब्दात त्या मावणार कशा?

सर्वेक्षक प्रत्येक घटकात खड्डा घेतो आणि खडक लागेपर्यंत किंवा सुमारे दीड मीटरपर्यंत थर पाहतो. रंग प्रमाणित रंगपट्टीशी ताडतो, ओली माती बोटांत चोळून पोत ठरवितो, सौम्य आम्लाचा थेंब टाकून चुना फसफसतो का ते पाहतो. उतार, धूप, दगडांचे प्रमाण नोंदवितो. गवतही साक्ष देते : पवन्या व मारवेल कमी होऊन कुसळीच माजली असेल, तर चराईचा ताण वाढला असे समजावे.

या नोंदींवरून भूमी-क्षमतेचे आठ वर्ग ठरतात. पहिले चार नांगरटीस योग्य. पाच ते सात नांगरटीस अयोग्य, परंतु कुरण व वनास योग्य. आठवा वर्ग निसर्गावरच सोपवावयाचा. धूप, पाणथळपणा, मातीतील दोष किंवा हवामान, यांपैकी अडचण कोणती हेही वर्गापुढे नोंदविले जाते. यातील मर्म असे की सहावा किंवा सातवा वर्ग म्हणजे 'नापास' जमीन नव्हे. तिचा योग्य उपयोग नांगराचा नाही, एवढाच त्याचा अर्थ.

नकाशाचे प्रमाण

नकाशा हाती येताच प्रथम त्याचे प्रमाण पाहावे. १:२,५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक चौरस सेंटिमीटर म्हणजे ६२५ हेक्टर. हजार हेक्टरांचे गाव त्यावर अंगठ्याच्या नखाएवढे दिसेल. असा नकाशा राज्याच्या किंवा जिल्ह्याच्या विचारास उपयुक्त आहे. गायरानात चर कोठे खणावे, हे तो सांगू शकत नाही. १:५०,००० प्रमाणावर तेच एक चौरस सेंटिमीटर २५ हेक्टरांचे आणि १:१०,००० वर एका हेक्टराचे होते. गावाच्या कामास हे शेवटचे प्रमाण हवे.

शीर्षकांकडेही डोळसपणे पाहावे. देशातील पडीक जमिनींचा नकाशासंग्रह प्रथम २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात झुडपी जमिनी व खालावलेली कुरणे यांचा समावेश 'पडीक' या सदराखालीच होतो. हे सदर नियोजनाच्या सोयीचे आहे. परंतु त्याच जमिनीवर मेंढ्यांचे कळप जगतात, माळढोक, लांडगा व काळवीट यांचा निवारा असतो आणि खालच्या विहिरींकडे पाणी मुरते.

गावाने काय करावे

ग्रामपंचायतीने माळावरील कामाचा ठराव करण्यापूर्वी एक दिवस शिवारफेरी करावी. गावनकाशाची प्रत घ्यावी आणि तिच्यावर माथा, उतार, पायथा व ओढाकाठ पेन्सिलीने आखावे. प्रत्येक भागात एक खड्डा घेऊन मातीची खोली मोजावी आणि नकाशावर लिहावी. कोणत्या महिन्यात कळप कोठे चरतात, हे मेंढपाळांस विचारावे. त्यांची माहिती कोणत्याही उपग्रहचित्रात नसते. शिक्षकांनी या फेरीत वरच्या वर्गांतील मुलांना न्यावे. भूगोलाचा याहून चांगला पाठ वर्गात मिळणार नाही. कृषी व भूजल विभागांच्या अधिकाऱ्यांनी आपले नकाशे या गावनकाशाशी ताडून पाहावेत.

असा नकाशा असला की झाडे पायथ्याच्या मातीत लागतील, माथ्यावरचे गवत आळीपाळीच्या चराईने राखले जाईल आणि ओढाकाठची माती बांधांनी धरली जाईल. मुरमावर वीतभर माती तयार होण्यास शतके लागतात. ती उलथून टाकण्यास यंत्राला एक दिवस पुरतो. म्हणून माळावर कुदळ पडण्यापूर्वी त्याचा नकाशा तयार असावा.