वास्तू, कला आणि जमाखर्च

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने कलेविषयी लिहावे, याचे कोणाला नवल वाटेल. पण जुन्या घराचे कलाकेंद्र होते, तेव्हा प्रश्न कलेइतकाच जमाखर्चाचाही असतो. मुंबईतील एका घराचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे.

भुलाभाई देसाई (१८७७–१९४६) हे नामवंत कायदेपंडित. १९४५ साली लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला सुरू झाला, तेव्हा बचावाची बाजू त्यांनी मांडली. मुंबईत वॉर्डन रोडवर त्यांचा बंगला होता. त्यांच्या पश्चात स्नुषा मधुरी देसाई यांनी तो कलावंतांना खुला केला. हीच भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूट. १९५० व १९६०च्या दशकांत हुसेन आणि मूळचे गोव्याचे वासुदेव गायतोंडे यांसारख्या चित्रकारांना तेथे नाममात्र भाड्याने खोल्या मिळाल्या. इब्राहिम अल्काझींचे नाट्यशिक्षण तेथे चाले. रविशंकरांची किन्नर संगीतशाळाही तेथेच होती.

आता याचा हिशेब मांडू. समजा, एका खोलीचे बाजारभावाने भाडे १०० रुपये आहे आणि कलावंत १० रुपये देतो. उरलेले ९० रुपये कोणी दिले? घरमालकाने! ही देणगी कोणत्याही पावतीवर दिसत नाही. खोलीत चित्र घडते, त्याची किंमतही घराच्या ताळेबंदात येत नाही. जमिनीचा भाव मात्र वर्षागणिक चढतो आणि सर्वांना दिसतो. म्हणजे, ज्यामुळे वास्तू मोठी झाली ते कागदावर शून्य, आणि ज्यामुळे ती विकावीशी वाटेल तेवढेच कागदावर!

पुढे तो बंगला पाडला गेला. त्या जागी आज ‘आकाशगंगा’ ही उंच निवासी इमारत आहे. रस्त्याला तेवढे भुलाभाईंचे नाव राहिले.

याउलट कोलकात्यातील जोडासांको येथील ठाकूरवाडी पाहा. रवींद्रनाथांचे हे घर १९६२ साली स्थापन झालेल्या रवींद्र भारती विद्यापीठाकडे आले. संगीत-नाट्याच्या शिक्षणाशी ते जोडले गेले, आणि आज तेथे संग्रहालय आहे. वास्तूच्या पाठीशी कायद्याने उभी असलेली संस्था होती, हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे.

हा विषय मला सुचला, कारण आमचा जुना वाडा सध्या वाटणीला निघाला आहे. आजोबांच्या वेळी त्याच्या सोप्यात संध्याकाळी भजनाची तालीम होई. मराठी अभंगांमागोमाग कन्नड दासपदेही म्हटली जात. वाडा गल्लीतल्या मुलांच्या गाण्याला, चित्रकलेला द्यावा, असे मी म्हणालो. काका हसून म्हणाले, “अरे, कौले कोण शाकारणार?”

प्रश्न बरोबर आहे. म्हणून मी वहीत तीन गोष्टी लिहिल्या आहेत: मालकी कोणाच्या नावे, दरसालच्या डागडुजीचा पैसा कोठून, आणि पुढे कोणी विकू नये यासाठी कोणता करार. या तिन्हींची उत्तरे घेऊनच आता काकांकडे जायचे आहे.

— बी. कॉम., द्वितीय वर्ष