एकट्याने डोलकाठी उभी करणे

कुर्ल्याजवळून मिठी नदी वाहते आणि माहीमच्या खाडीला मिळते. या खाडीत पूर्वी शिडाच्या होड्या चालत. आता बहुतेक होड्यांना इंजिन आहे. पण ज्याची लहान होडी शिडाची आहे, त्याला डोलकाठी उभी करावीच लागते. जोडीला माणूस नसला तर?

आधी मान वर करून पाहा. विजेची तार आहे काय? ओली किंवा धातूची काठी तारेला लागली, तर माणूस जागीच मरतो. तार दिसली तर होडी दूर न्या. वारा असेल तर थांबा.

काठी होडीत आडवी ठेवा, शेंडा मागे. बुंधा खोबणीशी पक्का अडवा. आता शेंड्याला दोर बांधून पुढून नुसता ओढला, तर काठी उठत नाही. दोर आडवा ओढतो, वर उचलत नाही. म्हणून बुंध्याशी दोन आखूड बांबूंची कैची उभी करा. एकच बांबू बाजूला कलंडतो. शेंड्याचा दोर कैचीच्या टोकाला बांधा. तिथून दुसरा दोर नाळेवरच्या कप्पीतून घ्या आणि ओढा. कैची पुढे झुकते, काठी उठते. पहिला उठाव सर्वांत जड. मग भार कमी होत जातो. काठी कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंना ताणाचे दोर हवेतच.

दोर खुंटीला वेढे देत ओढा. दम लागला तर तिथेच बांधता येतो.

कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. ते मुंबईहून निघाले आणि मुंबईलाच परतले.