शाकारणीआधी जरा ऐक

काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, मृगाच्या आत पडवीचे पत्रे बदलून टाकते, मुकादम बुधवारी माणसं पाठवतोय," आणि मी नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवून दिला. रात्रभर झोप नाही लागली गं. म्हणून आज सगळं सांगायचं ठरवलंय. हातातलं काम बाजूला ठेव आणि ऐक.

पडवीवरचे ते पत्रे अण्णांनी सत्तरच्या दशकात घातले. तू तेव्हा रांगत होतीस. त्याआधी तिथं मंगलोरी कौलं होती. लोणावळ्याच्या झडीत ती दरवर्षी सरकायची, माकडं फोडायची आणि दर उन्हाळ्यात शाकारणीचा खर्च यायचा. सिमेंटचे पन्हळी पत्रे आले तेव्हा अण्णा किती खूश होते! गंजत नाहीत, उन्हात टिनासारखे तापत नाहीत, पावसाचा आवाजही कमी. त्या काळी मावळात ज्याच्या घरावर सिमेंटचा पत्रा, तो सुधारलेला. अण्णांचं काही चुकलं असं मला म्हणायचं नाही. तेव्हा कुणी काही सांगितलंच नव्हतं.

त्या पत्र्यात सिमेंटच्या जोडीला दहा टक्क्यांच्या आसपास ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. शाळेत बर्नरवर ठेवायची ती लोखंडी जाळी आठवते? मधे पांढरा गोल असलेली? त्यातला तो पांढरा गोलही बहुतेक ह्याच जातीचा. हे एक खडकातून निघणारं खनिज आहे, पण कापसासारखं पिंजता येतं. जळत नाही, कुजत नाही, म्हणून सगळ्यांना हवंहवंसं झालं. आणि नेमकं हेच न कुजणं आपल्या फुप्फुसाच्या मुळावर येतं. तंतू डोळ्यांना दिसत नाही इतका बारीक असतो, श्वासाबरोबर खोल जातो आणि शरीराला तो विरघळवताही येत नाही, बाहेरही टाकता येत नाही. जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते की ॲस्बेस्टॉसच्या सगळ्याच प्रकारांनी कर्करोग होतो. फुप्फुसाचा होतो, स्वरयंत्राचा होतो, बायकांच्या अंडाशयाचा होतो, आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा होतो, ज्याच्यावर फारसा इलाज नाही. हे सगळं उमटायला वीस, तीस, चाळीस वर्षं लागतात. म्हणून तर आपण म्हणतो, "आमच्याकडे कुणाला काही झालं नाही."

आता घाबरून लगेच पडवी रिकामी करू नकोस. पत्रा धडधाकट असेल, हात लावला नसेल, तर त्याच्याखाली बसून पोहे खाल्ल्यानं काही होत नाही. तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. पत्रा फोडला, कापला, त्याला ड्रिल मारलं, की ते सुटतात. बुधवारी तुझ्याकडे नेमकं हेच होणार आहे. मुकादमाचे दोघं वर चढतील, गंजलेले बोल्ट फिरत नाहीत म्हणून हातोड्यानं पत्रा फोडतील, तुकडे खाली अंगणात टाकतील. मग बिगारी बायका घमेल्यात भरतील आणि संध्याकाळी तू खराटा घेऊन अंगण झाडशील.

मला हे इतकं स्वच्छ दिसतंय, कारण मी हे स्वतः केलंय.

३ जून २०२०. निसर्ग वादळ. दुपारनंतर आमच्या कामशेतच्या घराची काय दशा झाली ते तुला फोनवर रडत सांगितलं होतं. गोठ्याचे अकरा पत्रे आणि स्वयंपाकघरावरचे चार फुटले. पाऊस तोंडावर, लॉकडाऊन, माणसं मिळेनात. जे मिळाले त्यांनी उरलेल्यांतलेही काही हातोड्यानं पाडले. मी नाकाला पदर लावून दोन दिवस झाडत होते. माझी लेक नऊ वर्षांची. ती तुकड्यांवर तुकडे आपटून "आई, बघ कशी पांढरी धूळ उडते" म्हणत होती. मी हसले होते तेव्हा. निम्मे तुकडे आम्ही गोठ्याकडच्या चिखलाच्या वाटेत भर म्हणून टाकले. मावळात सगळेच टाकतात. कोंबड्यांच्या खुराड्याला, हौदावर झाकण म्हणून, चुलीमागे आडोशाला, फुटका पत्रा कुणी फेकत नाही.

दोन वर्षांनी दाजींचा भाचा आला होता. तळेगाव एमआयडीसीत सुरक्षा अधिकारी आहे तो. त्यानं ती वाट पाहिली आणि गप्पच झाला. मग हळूच म्हणाला, "मामी, हे कुणी फोडलं?" त्या रात्री त्यानं जे सांगितलं ते आज मी तुला सांगतेय. लेकीच्या त्या दोन दिवसांचं ओझं अजून उतरलेलं नाही. डॉक्टरांनी समजावलं की दोन दिवसांच्या धुळीनं धोका फार थोडा वाढतो, वर्षानुवर्षं श्वासात जाणारी धूळ खरी वाईट. आज एक्स-रे काढून त्यात काही दिसणार नाही. फक्त पुढं कधी दम्यासारखं काही झालं तर ही गोष्ट डॉक्टरांना सांगायची. मी ते तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. आणि दाजींना विडी सोडायला लावली, कारण ॲस्बेस्टॉस आणि तंबाखूचा धूर एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी चढतो. तुझ्या यजमानांनाही सांग, त्यांची सिगारेट मला माहीत आहे.

"पण आपल्याकडे तर हे पत्रे दुकानात मिळतात," असं तू म्हणशील. मिळतात. ऑस्ट्रेलियानं २००३च्या अखेरीला बंदी घातली, इंग्लंडनं १९९९ला, युरोपनं २००५ला, अमेरिकेनंसुद्धा २०२४ला उरलासुरला पांढरा ॲस्बेस्टॉस बंद करायचं ठरवलं. आपण आपल्या खाणी थांबवल्या, पण परदेशातून आणून पत्रे बनवतोच आहोत. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी १९९५मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात निकाल दिला. त्यात कारखान्यांनी कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून चाळीस वर्षं, किंवा काम सुटल्यावर पंधरा वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर जपायला सांगितल्या. चाळीस वर्षं! हा रोग किती दबा धरून बसतो ते एवढ्यावरूनच कळतं. आपल्या मुंबईतच डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी ॲस्बेस्टॉसच्या एका गिरणीतले कामगार तपासले होते. २००५ साली ते छापून आलं. दर पाचांमागे एकाहून जास्त कामगारांची फुप्फुसं ॲस्बेस्टॉसिसनं घट्ट झालेली निघाली.

आणि एक गोष्ट वाचून मी सुन्न झाले. लंडनमध्ये साठच्या दशकात डॉक्टरांनी मेसोथेलिओमाच्या रुग्णांची पूर्वपीठिका काढली, तर त्यात कधीच कारखान्यात न गेलेल्या बायका होत्या. त्यांनी फक्त नवऱ्याचे धुळीनं भरलेले कपडे झटकून धुतले होते. काम कुणाचंही असो, झाडणारी आणि धुणारी आपणच असतो. घमेलं डोक्यावर घेणारी ठाकर, कातकरी बाई तर तुझ्या-माझ्याहून कितीतरी जास्त धूळ खाते, आणि तिच्या पदराला बाळ असतं.

तर बुधवारचं काम थांबव. आधी तपासून घे. तुझ्याकडचे पत्रे सत्तरमधले, म्हणजे ॲस्बेस्टॉसचेच असणार असं मी धरून चालते. पण माडीच्या मागचे चार नंतरचे आहेत आणि हल्ली ॲस्बेस्टॉस नसलेले फायबर सिमेंटचे पत्रेही निघालेत. दिसायला अगदी सारखे. डोळ्यांनी, वाजवून, जुना गवंडी आणून ओळखता येत नाही. प्रयोगशाळेतच कळतं. एनएबीएलची मान्यता असलेली प्रयोगशाळा शोध, आणि फोनवर नेमकं विचार की ॲस्बेस्टॉसची तपासणी त्यांच्या मान्यतेच्या यादीत आहे का. नुसती मान्यता पुरत नाही, ती पाण्याची नाही तर मातीचीही असू शकते. ते विशेष सूक्ष्मदर्शकाखाली बघून तंतू कोणत्या जातीचा ते सांगतात. नमुना घ्यायला त्यांचा माणूस आला तर सोन्याहून पिवळं. नाहीच आला, तर आधीच फुटलेल्या कोपऱ्यावर साबणाचं पाणी फवारायचं, ओला असतानाच पकडीनं नखाएवढा तुकडा घ्यायचा, दोन पिशव्यांत बंद करायचा, वर कुठला पत्रा ते लिहायचं. तुटलेल्या जागी ओल्या फडक्यानं पुसून रंगाचा जाड हात दे. ते फडकंही पिशवीत जाऊ दे. आमच्या गोठ्याचा अहवाल आला तेव्हा मला "क्रायसोटाइल" हा शब्द पहिल्यांदा कळला. पांढरा ॲस्बेस्टॉस.

निघालाच तसा, तर पत्रा अख्खा उतरवायचा. माझं सगळं सांगणं या एका गोष्टीशी येऊन थांबतं. तुकडा करायचा नाही. आधी फवारणी पंपानं पत्रे भिजवायचे, वरून आणि खालूनही, पण हलक्या फवाऱ्यानं. होजपाइपचा किंवा प्रेशरचा झोत नको. गंजलेले जे-बोल्ट आदल्या दिवशी तेल घालून ठेवायचे, नाही फिरले तर बोल्ट कापायचा, पत्रा नाही. दोघांनी धरून खाली द्यायचा, फेकायचा नाही. खाली जाड प्लास्टिक अंथरलेलं असावं. त्यातच पत्रे एकावर एक ठेवून गुंडाळायचे, चिकटपट्टीनं बंद करायचे, वर ठळक अक्षरात ॲस्बेस्टॉस लिहायचं. शेवटी सगळं ओल्या फडक्यानं पुसायचं. झाडू नको, घरचा व्हॅक्यूम तर अजिबात नको, तो बारीक तंतू मागच्या बाजूनं खोलीभर उडवतो. काम करणाऱ्यांना कापडी मास्क नाही, पी-१०० गाळणीचा तोंडाला घट्ट बसणारा मास्क हवा. एकदाच घालून टाकायचे पांढरे अंगरखे मिळतात, ते हवेत. त्यांचे खर्च आपण द्यायचे. घासाघीस करू नकोस यात.

आणखी एक, जे ॲस्बेस्टॉसचं नाही पण त्याहून तातडीचं आहे. पन्नास वर्षांचा सिमेंटचा पत्रा माणसाचं वजन धरत नाही. वरून घट्ट दिसतो आणि पाय पडला की काचेसारखा फुटतो. आपल्याकडे शेवाळं काढायला, गळती बुजवायला चढलेली माणसं अशीच खाली येतात. कैचीवर टेकवलेल्या फळ्या आडव्या टाकल्याशिवाय कुणाला चढू देऊ नकोस. जमेल तर खालूनच शिडी-परांची लावून काढ.

शेवाळ्यावरून आठवलं. लोणावळ्याचा पाऊस म्हणजे दरसाल चार-चार मीटर पाणी. पत्र्यावरची सिमेंटची साय झिजते, तंतू उघडे पडतात, त्यावर शेवाळं धरतं आणि आपण दर मे महिन्यात तारेच्या ब्रशानं खरवडतो. तू गेली कित्येक वर्षं खरवडून घेतेस. ते बंद. पन्हळीत साचलेला राखाडी गाळही कोरडा उपसू नकोस, ओला असताना काढ आणि पिशवीत बांध.

परवानाधारक माणूस शोधू का, असंही तू विचारशील. ऑस्ट्रेलियात बहुतेक राज्यांत दहा चौरस मीटरपेक्षा जास्त असा पत्रा काढायचा तर परवाना असलेलाच माणूस लागतो. आपल्याकडच्या मुकादमाला परवाना विचारलास तर तो तोंडाकडे बघत राहील. पण कारखान्यांची ही कामं करणाऱ्या संस्था पुण्या-मुंबईत आहेत, त्यांच्याकडून निदान दर मागव. महाग वाटलं तर भाच्याला देखरेखीला उभा करू, मजूर आपलेच घेऊ, पण पद्धत तीच. आणि गुंडाळलेले पत्रे राडारोड्याच्या गाडीत नाही, भंगारवाल्याला नाही, इंद्रायणीच्या काठाला तर नाहीच नाही. आपल्या जिल्ह्यात रांजणगावला घातक कचऱ्याचं केंद्र आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पुण्याच्या कार्यालयाला आणि नगरपरिषदेला लेखी विचार, पोच घे. २०२३च्या उन्हाळ्यात आमच्या घराचे उरलेले उतरवले, ते मार्गी लागेपर्यंत तीन महिने गोठ्यामागे गुंडाळून पडले होते. पडू देत. गुंडाळलेले आहेत तोवर ते कुणाला त्रास देत नाहीत. आणि ती वाट आम्ही उकरली नाही. वर मुरूम घालून कोबा केला. गाडलेलं पुन्हा उकरायचं नसतं.

पावसाच्या आत एवढं जमणार नसेल तर या वर्षी पत्रे राहू दे. गळतं तिथं खालून ताडपत्री ताण, आणि दिवाळीनंतर कोरड्या दिवसांत नीट काम काढ. वरून नवा रंगीत पत्रा ठोकायचं मुकादम सुचवेल. नको, त्याला शेकडो भोकं पाडावी लागतात.

रविवारी सकाळच्या लोकलनं मी येते. नवा फवारणी पंप आणते, भातावर न वापरलेला, आणि भाच्यालाही घेऊन येते. पण मुकादमाला फोन आजच कर. त्याची माणसं सकाळी सातलाच चढतात.