पडद्यावरील उंदरांचे जग

गेल्या वर्षी आमच्या नेसरीच्या घरी बियाण्यासाठी राखून ठेवलेले भुईमुगाच्या शेंगांचे पोते उंदरांनी फोडले. वडिलांनी माळ्यावर पिंजरा लावला. सकाळी त्यात उंदीर सापडलाही. पण आम्ही वर जाईपर्यंत धाकट्या भावाने पिंजऱ्याचे दार उघडून टाकले होते. "जेरीला मारायचं नाही," एवढेच त्याचे म्हणणे! वडील संतापले ते साहजिकच होते. पेरणीला शेंगा विकत आणाव्या लागल्या. ज्याने आपले नुकसान केले त्याचीच बाजू हे पोर का घेते, या प्रश्नापायी मी व्यंगचित्रपटांतील उंदरांकडे बारकाईने पाहू लागलो.

प्रथम अर्थातच मिकी. वॉल्ट डिस्ने यांचा 'स्टीमबोट विली' १८ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शित झाला. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. त्यासाठी हाताने डझन-दोन डझन चित्रे काढायची, तर आकृती सोपीच हवी. मिकीचे डोके एक वर्तुळ, कान दोन वर्तुळे. तोंड कुठेही वळो, कान गोलच! पण खरे सांगायचे तर मिकीत उंदीरपण फारसे उरलेले नाही. तो बोटीचे सुकाणू फिरवतो, माणसासारखा वावरतो. त्याला बिळाची गरजच नाही.

बिळातले जग भेटते ते 'टॉम अँड जेरी'मध्ये. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी १९४० साली ही जोडी पडद्यावर आणली आणि पुढे या मालिकेला सात ऑस्कर पारितोषिके मिळाली. तिच्यातील एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. घरची मालकीण बहुतेक वेळा पायांपुरतीच दिसते, चेहरा दिसत नाही. म्हणजे चित्रकाराने आपल्याला जमिनीलगत बसवले आहे. तेथून खुर्ची झाडाएवढी, मांजर डोंगराएवढे. लहान मुलाला मोठ्यांचे घर असेच दिसत असणार. माझ्या भावाची बाजू तेथेच ठरली!

पुढे उंदरांचा नुसता संसारच नव्हे, समाजही पडद्यावर आला. 'सिंड्रेला'तील (१९५०) उंदीर पोशाख शिवतात. 'द रेस्क्युअर्स'मध्ये (१९७७) तर न्यूयॉर्कच्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या इमारतीत, माणसांच्या पायांखाली, देशोदेशींच्या उंदरांची सभा भरते. वर माणसांची सभा आणि खाली यांची! 'रॅटाटुई'मधील (२००७) रेमी मात्र थेट पॅरिसच्या स्वयंपाकघरात शिरतो, आणि तेथे त्याची जात कळली की सारे संपते. मला हाच चित्रपट सर्वांत प्रामाणिक वाटला, कारण माणसाला उंदराची किळस येते हे तो लपवत नाही.

आपल्याकडे कोल्हापुरात जन्मलेल्या 'प्रभात'ने १९३४ साली 'जंबूकाका' हा व्यंगचित्रपट काढला, पण त्यासाठी निवडला कोल्हा. उंदराशी आमचे नाते तसे दुटप्पीच आहे. गणपतीच्या पायाशी तो मोदक धरून बसतो. दुसऱ्या दिवशी आमच्या भागात उंदरी पाळतात, घरोघरी मटण शिजते, उंदराच्या नावाने नैवेद्य दाखवतात. आणि त्याच दिवसांत शेतात जाऊन बांधावरची बिळे बुजवतात.

यंदा बियाणे पत्र्याच्या पिंपात ठेवले आहे. वडिलांनी पिंजराही लावला आहे. रात्री माळ्यावर खुडबुड झाली की भाऊ अंथरुणातून उठतो आणि पाय न वाजवता शिडीखाली जाऊन बसतो.